चिमूटभर साल

बायको गेल्यावर तिनं लावलेलं ऑर्किड मी जिवापाड जपत होतो. मुळांवर बुरशी दिसली म्हणून ती धुऊन काढली, वर औषधही मारलं. पुढे पानं पिवळी पडू लागली, तेव्हा कुंडी घेऊन मेहकरच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी चष्मा कुडत्याला पुसला आणि मुळांवरून अंगठा फिरवला.

"धुतलं काऊन?" त्यांनी हळूच विचारलं.

"बुरशी होती."

"सारी बुरशी वाईट नसते, साहेब. याचं बी धुळीएवढं, त्याच्यात शिदोरीच नसते. बुरशीच त्याले भरवते. एकट्यानं नाही जगत हे."

मागच्या आंब्याच्या खोडावर रानटी ऑर्किड वाढलं होतं. त्याच्या मुळांजवळची चिमूटभर साल चाचांनी खरवडली आणि माझ्या कुंडीत मिसळली. "आता औषध बंद," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी नवं मूळ फुटलं. ते दाखवायला गेलो, तर त्यांनी आधी मूळ निरखलं, मग मला, आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. चहा येऊन राह्यला."

ती गेल्यापासून मी कुणाकडे बसलोच नव्हतो. त्या दिवशी दुपारभर बसलो. चाचांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.