चेहऱ्यासाठी तळमजला

मंगळवारी दुपारी साडेचार वाजता माझ्या नांदेडच्या घरातून रोमानियातल्या एका वसतिगृहाला ई-मेल गेला. त्यात एका चेहऱ्यासाठी खोली मागितली होती. टायपिंग माझे होते.

राहायला जाणार होती माझी पुतणी रेवती. लातूरला दोन वर्षे क्लास करूनही तिला इथे मेडिकलची सीट मिळाली नाही, तिकडे मिळाली. पण त्र्याण्णवच्या भूकंपात शेजाऱ्यांचा वरचा मजला खाली आलेला पाहिल्यापासून दादा (माझा थोरला भाऊ, रेवतीचा बाप) माडीवर झोपत नाही, कुणाला झोपू देत नाही.

"तळमजला लेखी आला तरच पोरगी जाईल," त्याने सांगून टाकले. "तिथं बी धरणी हालती म्हणतेत."

प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटने रोमानियन पत्राचा नमुना दिला होता. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये अक्षरांच्या खुणा उडाल्या होत्या. "टीच्या खाली कधीकधी स्वल्पविराम असतो," एवढेच तो फोनवर म्हणाला. कधीकधी म्हणजे कधी, हे त्यालाही माहीत नव्हते.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स. कीबोर्डवर असला टी नाही. तासाभराने पत्ता लागला: आधी कंपोजचे बटण, मग अर्धविराम, मग टी. (स्वल्पविराम दाबला तर वेगळेच शेपूट येते. स्वल्पविरामासाठी अर्धविराम! वीस वर्षे वर्तमानपत्रात मुद्रिते तपासलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला.)

"काय करून राहिलास रे पम्या? चार ओळीला इतका येळ?"

"दादा, टीला पाय बसवतोय."

"मग समद्यांना बसव की. एकालाच लंगडं कशाला ठेवतो?"

मला पटले. आमच्या कचेरीचा नियमच होता: एकदा ठरले की सगळीकडे सारखे. पत्रात एकवीस टी होते. एकवीसही टी पायावर उभे केले आणि पत्र पाठवले.

संध्याकाळी रेवतीने मोबाइलवरचा रोमानियन धडा थांबवून पत्र वाचले.

"काका, fată म्हणजे मुलगी."

"तेच लिहिलंय."

"तुम्ही टीला पाय बसवून față लिहिलंय. म्हणजे चेहरा."

"वाच पुढं," दादा म्हणाला.

तिने मराठी करून वाचले. "मला एक चेहरा आहे. माझा चेहरा अभ्यासू आहे. माझा चेहरा मांस-मच्छी खात नाही. कृपया माझ्या चेहऱ्याला तळमजल्यावर खोली द्यावी."

दादा माझ्याकडे वळला.

"खाली सही कोणाची हाय?"

"तुझी."

"लई उपकार झाले! आता कोण देतंय तळमजला? येडं समजतेन मला!" त्याने रेवतीची बॅग उघडून स्वेटर बाहेर काढायला सुरुवात केली.

शुक्रवारी उत्तर आले. इंग्रजीत, दोन ओळींचे. तळमजल्यावरची खोली राखून ठेवली आहे. येताना चेहऱ्यासोबत मुलीलाही आणावे.