सिंधूच्या मायचा कापूस

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात बायकोपासून काही लपून राहू शकतं असं कोणी म्हणालं, तर शेजारीपाजारीसुद्धा हसतील. अब्बांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तोंडानं सांगितलं असं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का सांगतोय, ते पुढं कळेल — कदाचित कळणारही नाही.

मी पिंजारी. केजला रस्त्याच्या कडेला आमचं दुकान आहे. गाद्या, उशा, रजया. कापसाबद्दल काही विचारा, मी थकणार नाही, तुम्हीच थकाल. आता लोक येतात आणि आधी फायबर मागतात. वाईट नाही ते. हलकं असतं, धुता येतं, लगेच वाळतं, अंथरूण ओलं करणारं लेकरू घरात असेल तर मी स्वतःच फायबर घ्या म्हणतो. पण त्यात माणसाला घाम फुटतो, आणि ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं. सावरीचा कापूस उशीत घालावा, रजईत नाही; रजईत तो टाके चुकवून एका कोपऱ्यात जाऊन बसतो. गिरणीतला वेस्ट कापूस दिसायला दुधासारखा पांढरा, पण एका हिवाळ्यात त्याचे गोळे होतात. आणि साधा देशी कापूस — त्याला पाणी लावायचं नाही, फक्त ऊन दाखवायचं, काठीनं हलकं झोडायचं, खोळ तेवढी धुवायची, आणि काही वर्षांनी पिंजून घ्यायचा. एवढं केलं तर तो माणसाच्या आधी म्हातारा होत नाही.

बघा, मी विषय टाळतोय. कापसावर बोलत राहिलो की मला बरं वाटतं.

तर सिंधू. नांदूरघाटकडच्या एका वस्तीवरची. तेव्हा ती नवी संसारी होती, पोरगी कडेवर. दिवाळी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. तिकडं उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत राहायचं, खाली जमीन, वरून थंडी. म्हणून निघायच्या आधी ही माणसं रजया पिंजायला आणतात. ते आमचे धंद्याचे दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि आमच्या नाकातोंडात सगळा कापूस.

सिंधू मात्र पिंजायला आली नव्हती — हे लक्षात ठेवा. ती फक्त विचारायला आली होती. रजईत गाठी झाल्या होत्या, तर वरचे टाके उसवून हातानंच त्या मोकळ्या करता येतील का, एवढंच. तिची माय लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. मालकाला विचारून रोज थोडा कापूस ओटीत घेऊन यायची, घरी बसून बोटांनी सरकी काढायची. असा साठवून साठवून तिनं एका रजईपुरता कापूस जमवला आणि लेकीच्या लग्नात ती रजई दिली. स्वतः भरलेली, स्वतः टाके घातलेली. आदल्या वर्षी माय गेली होती. तिचं दुसरं काही सिंधूकडं नव्हतं.

मी पिंजायची नवी मशीन घेतली होती. अब्बा धनुकलीवर पिंजायचे, तो आवाज मला लहानपणापासून नकोसा झालेला. मशीनचं मला फार कौतुक. येईल त्याला दाखवायचो. मी सिंधूला म्हणालो, गाठी हातानं निघणार नाहीत, पिंजून घे, कापूस पुन्हा जिवंत होईल. ती बराच वेळ रजईच्या काठाशी चाळा करत उभी राहिली.

"चाचा, पिंजल्यावर वास तर न्हाई ना जायचा? मायचा वास हाय हिच्यात."

"कापूस तोच राहतो, बेटा. वास कुठं जातो?"

हे माझे शब्द. मी ते विसरलेलो नाही.

आमच्या धंद्यात जुनी रीत आहे — गिऱ्हाईक समोर बसून आपला कापूस पिंजून घेतं. पिंजाऱ्यानं कापूस बदलला तर? लोकांचा संशय काही चुकीचा नाही. पण सिंधूला बाजार करायचा होता, तिखट-मीठ, लेकराला टोपडं. ती म्हणाली, तुमी हायत ना. आणि गेली.

आता दुसरी रीत ऐका. जुन्या रजईचा कापूस मशीनमध्ये घालण्याआधी मूठ-मूठ हातात घेऊन चाचपायचा असतो. आत काहीही निघतं. टाचणी, बटण, खडा. लोखंड आतल्या दातऱ्यांवर आपटलं की ठिणगी उडते, आणि कापसाला ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. अब्बा दारातल्या बाजेवर बसले होते. म्हणाले, "पहले हाथ फिरा." सकाळपासून ते मला काही ना काही शिकवत होते, आणि दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मला शिकवलेलं आवडलं नाही.

घाई होती, असं मी सांगू शकलो असतो. स्वतःला बरीच वर्षं तेच सांगत आलो. घाई नव्हती हो. मी रागानं तो कापूस तसाच मशीनमध्ये घातला. बापाला दाखवायला.

आवाज बारीकच झाला. मग जळका वास. मशीन बंद करेपर्यंत आतून धूर येत होता. ती दोन गिऱ्हाइकं धूर बघून निघून गेली; रजई कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कापूस भडकून जळत नाही, तो आतल्या आत धुमसतो. वरून विझला म्हणावं तर आत लालच असतो. मी सगळा ओढून बाहेर काढला आणि त्यावर बादल्या ओतल्या. मागच्या बोळात काळा चिखल झाला. त्यात मला दाभणाचं मोडलेलं टोक सापडलं. टाके घालताना मायचं दाभण मोडलं असणार आणि टोक आतच राहिलं असणार. तिच्या हातातली ती वस्तू होती. मी ती गटारात फेकली.

आणि आणखी एक. सगळा कापूस जळाला नव्हता. बाजूला एक ओंजळभर राहिला होता — पिवळसर, कोरडा, चांगला. तो नव्या भरणीत घालता आला असता. एवढा तरी तिच्या मायचा राहिला असता, नाही का? पण त्याला धुराचा वास लागला होता. वास आला तर ती विचारेल, म्हणून मी तोही बोळात टाकला.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाच्या हातून होते. थांबा. चूक इथं संपते. पुढचं मी शांत डोक्यानं केलं.

दुकानातला सगळ्यात चांगला कापूस काढला, लांब धाग्याचा. पण नवा कापूस फार फुगतो, हाताला लगेच कळतो. म्हणून त्यात जुना मिसळला. कोणाचा, ते आता आठवत नाही. कोणाच्या तरी गादीतून उरलेला. जुनीच खोळ घातली, मायच्या टाक्यांच्या भोकांतूनच दोरा ओढला. इतकं मन लावून मी माझ्या लेकीचीसुद्धा रजई केली नाही. अब्बा बघत होते. म्हणाले, "बोल देना उसको." मी हो म्हणून मान हलवली.

सिंधू आली. रजई उलगडून तिनं तोंड आत खुपसलं. मग वर बघितलं.

"वास न्हाई आता."

सांगायची तीच वेळ होती. ती रडली असती. कदाचित मला बोलली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मी त्या घेतल्या असत्या. मी काय म्हणालो? म्हणालो, पिंजल्यावर धूळ निघते, धुळीबरोबर वास निघतो, असं होतंच.

तिनं मला माझ्या सकाळच्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. ती एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं. पिंजायला नको होतं."

मी तिला ते म्हणू दिलं. हीच माझी कबुली. आग नाही, बदललेला कापूस नाही. चूक माझी होती आणि मी ती तिच्या पदरात बांधून तिला साखर कारखान्यावर पाठवली.

त्यानंतर ती दर वर्षी यायची. निघायच्या आधी, नाहीतर परतल्यावर. ऊन किती दाखवू? सकाळचं की दुपारचं? कोपीत ओल असते, खाली काय घालू? एकदा तिनं विचारलं, कपाटात बंद करून ठेवली तर वास परत येईल का? मी म्हणालो, नाही येणार. एवढं एकच खरं मी तिला सांगितलं. बाकी सगळं जीव ओतून शिकवलं — दव पडायच्या आत उचल, दोन्ही बाजू फिरव, घडी एकाच जागी मोडू नको. ती सगळं ऐकायची आणि तसंच करायची. गिऱ्हाइकांच्या रजया मी हजारो बघितल्या, इतकी जपलेली एकही नाही. एका अनोळखी माणसाच्या गादीतला कापूस ती लेकरासारखा सांभाळत होती, आणि मला तिच्याबद्दल माया वाटायची. खरंच वाटायची. तिला यायला उशीर झाला तर मी रस्त्याकडं बघत राहायचो. एवढी माया असताना खरं बोलणं इतकं जड जावं? मला जड गेलं.

अब्बा पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. पण सिंधू दुकानात आली की ते बाजेवरून उठून आत जायचे. ते वारले तेव्हा ती मातीला आली होती, आणि म्हणाली, लई भले होते.

यंदा ती पोरीला घेऊन आली. तीच, कडेवरची. नर्स झाली आहे, बीडला नोकरी करते, लग्न ठरलंय. सिंधूचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत. तिनं रजई समोर ठेवली आणि म्हणाली, "उसवा चाचा. अर्धा कापूस हिच्या रजईत घाला. अर्धा मला राहू द्या."

मी रजई उसवली. मूठ-मूठ चाचपून कापूस मोकळा केला. पोरगी शेजारी बसली होती. तिनं एक पुंजका उचलून नाकाला लावला.

"तुला न्हाई यायचा वास," सिंधू तिला म्हणाली. "मीच घालवला, पिंजून आणून. पण कापूस आजीचाच हाय. इचार चाचाला."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मशीन अजून सुरू केली नव्हती. दुकानात आम्ही तिघंच होतो.

"आजीचाच हाय," मी म्हणालो.

पोरीनं तो पुंजका परत ढिगात टाकला नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतला. मी बघत होतो. मग मशीन सुरू केली.