मेश्रामभाऊंनी सूर्यास्त पाहिला

आमच्या स्टील प्लांटमधले किस्से कोणी गोळा करत नाही, ते साचतात. खिडकीच्या कडेवरच्या लाल धुळीसारखे. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मी टाइम ऑफिसात बसते. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, एवढंच माझ्या कागदावर येतं. मधे काय झालं ते लोक खिडकीशी उभं राहून सांगतात आणि माझा चहा थंड करून जातात.

गोव्याचं मात्र मला कोणी सांगितलेलं नाही. तिथं मी स्वतः होते. तेव्हा मीठमिरची लागली असेल तर ती माझ्या हातची.

* * *

मेश्रामभाऊ फर्नेसवरचे शिफ्ट इनचार्ज. चौतीस वर्षांत ड्युटीवर त्यांनी एकदाही डोळा मिटला नाही. पण ड्युटी संपवून माणूस कुठंही टेकला की झोपला. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची. त्यांच्या शरीराला दिवस-रात्र हा प्रकारच कळेनासा झाला होता.

स्वतःच्या लग्नालासुद्धा ते आदल्या रात्रीची शिफ्ट करून आले होते. त्या अल्बममध्ये त्यांचे डोळे उघडे असलेला एकच फोटो आहे. त्यात मागून त्यांना चिमटा काढणारा मेहुण्याचा हात स्पष्ट दिसतो!

* * *

त्यांच्या रिटायरमेंटला महिना राहिला तेव्हा शकुंतला वहिनींनी मागणी मांडली. वहिनी स्मृति नगरात माझ्या शेजारी राहतात. संध्याकाळचं ताट त्या कायम एकट्या वाढून घेतात, समोर टीव्ही. भाऊ एक तर प्लांटमध्ये, नाही तर झोपेत.

"मले सोनं नको, साडी नको," त्या म्हणाल्या. मोबाईल पुढं केला. त्यात गोव्याची एक बोट होती. सूर्य समुद्रात बुडतो, काठानं जुने किल्ले दिसतात आणि मग बोटीवरच जेवण. "सूर्य बुडेपर्यंत डोळे उघडे ठेवून माह्यासोबत बसा. मंग माह्यासोबत जेवा. एक दिवस. बस."

भाऊंनी होकार दिला की नाही ते आम्हाला समजलं नाही. कारण उत्तर यायच्या आधी घोरणं आलं.

* * *

आमच्याकडं ट्रायल घेतल्याशिवाय काहीही सुरू होत नाही. क्रेन ऑपरेटर रामटेके आणि स्टोअरचे साहूजी यांनी ही जबाबदारी घेतली. साहूजी इथलेच, छत्तीसगढी. आमच्यात राहून मराठी समजायला लागलेत, पण बोलताना जी भाषा आधी सापडेल ती वापरतात.

एका रविवारी संध्याकाळी भाऊंना तलावाच्या काठी खुर्चीत बसवलं. तोंड पश्चिमेकडं, हातात भज्यांची प्लेट. रामटेके घड्याळ धरून उभा. चौथ्या मिनिटाला भाऊ झोपले. भजं तोंडाच्या वाटेवर होतं, तिथंच थांबलं.

दुसरी ट्रायल उभ्यानं घेतली. भाऊंनी झाड शोधलं.

साहूजींनी वहिनींना रीतसर रिपोर्ट दिला. "भाभी, दोनों ट्रायल फेल."

"होऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "आता सीधा प्रॉडक्शन." आणि तिकिटं काढली. भाऊ-वहिनी, रामटेके, साहूजी आणि मी. आम्ही तिघं खास भाऊंना जागं ठेवायला.

* * *

दुर्गहून गाड्या बदलत बदलत पणजीला पोचलो. भाऊ पूर्ण प्रवासभर झोपले आणि आम्ही झोपू दिलं. साठवण म्हणून.

बोटीवर चढल्या चढल्या रामटेकेनं माईकवाल्या मुलीला गाठलं. तो आमच्या सेफ्टी कमिटीत आहे. त्यानं आधी लाइफ जॅकेटं मोजली, मग विचारलं, "मॅडम, असेंबली पॉइंट कुठं हाय?"

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे काई झालं तर सगळ्यायनं कुठं जमा व्हायचं?"

ती बिचारी चारी बाजूंना बघत म्हणाली, "सर, सगळीकडं पाणीच आहे."

"मंग तसा बोर्ड लावा," रामटेके म्हणाला.

* * *

आम्ही सगळ्यांच्या आधी पोचून सूर्याच्या बाजूच्या खुर्च्या धरल्या. प्रत्येक खुर्चीवर एक गमछा. उशिरा आलेल्यांकडं आम्ही जरा दयेनंच पाहत होतो. बोट निघाली, मधल्या पाण्यात गेली आणि सावकाश वळली.

साहूजी हळूच म्हणाले, "देख तो, सुरुज ह ओ डहर चल दिस."

सूर्य खरंच पलीकडं गेला होता. आमच्यासमोर पणजीच्या बस स्टँडकडची बाजू आली. आम्ही गमछे उचलून पलीकडं धावलो. आमच्याकडं बघून बाकीचे धावले आणि बोट कलली. माईकवरून ओरडा सुरू झाला, कोणी ऐकेना.

तेव्हा रामटेके बोटीच्या मधोमध उभा राहिला आणि क्रेनला करतात तसे हातानं इशारे करायला लागला. दोन बोटं डावीकडं, की पाच माणसं डावीकडं. तळहात आडवा, की सगळे थांबले. त्यानं अंगठा वर केला तेव्हा दिल्लीकडचे एक काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि तो खाली करेपर्यंत बसले नाहीत!

* * *

या गडबडीत भाऊ अजून जागे होते. पापण्या मात्र खाली यायला लागल्या होत्या. माईकवाली किल्ला दाखवत होती, तो कोणी बांधला, तोफा कुठं होत्या, सगळं छान सांगत होती. साहूजी भाऊंच्या मानेवर थंड बाटली लावत होते. मी भाऊंना प्लांटमधल्या लोकांची नावं विचारत होते. त्यांना निम्मी आठवली.

एवढ्यात समोरून एक लांबलचक मालवाहू बार्ज आला. त्यावर लाल मातीचे ढीग.

भाऊ ताडकन उठले. "अरे, हे तर आपलं आयर्न ओर हाय!"

मग काय! किल्ला राहिला मागं. भाऊ, रामटेके, साहूजी आणि खरं सांगते, मीसुद्धा, कठड्याला लटकून तो बार्ज पाहत होतो. "फाइन्स हाय, बारीक चुरा, लंपचे गोटे दिसून नाई राहिले," भाऊ म्हणाले. साहूजींना माल ओला वाटला. रामटेकेनं एका ढिगाचे अकरा फोटो काढले.

माईकवाली काकुळतीला आली. "सर, किल्ला इकडं आहे."

"राहू द्या तो," भाऊ म्हणाले. "तो कुठं जाते?"

पूर्ण दहा मिनिटं भाऊ टक्क जागे होते. डोळ्यांत चमक. इतक्या वर्षांत वहिनींनी ती घरी कधी पाहिली नसेल. बार्ज वळणाआड गेला. भाऊ समाधानानं खुर्चीत बसले आणि झोपले. सूर्य तेव्हा पाण्याच्या दोन बोटं वर होता.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "माह्या सवतीले पाहाले जागे राहिले."

* * *

आम्ही सगळं केलं. रामटेकेनं चिमटे काढले. साहूजींनी नाकाखाली मिरची धरली, त्यात स्वतःच शिंकले. मी कानाशी "भाऊ, फर्नेस!" असं ओरडले, तर ते झोपेतच म्हणाले, "चालू द्या."

शेवटी वहिनींनी आम्हाला थांबवलं. भाऊंचा चष्मा नाकावरून घसरत होता, तो काढून पर्समध्ये ठेवला आणि एकट्याच समोर पाहत बसल्या. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी आमच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला भाऊंचा त्या वेळी मनापासून राग आला. बाई आयुष्यभरात एकच गोष्ट मागते, तीही फुकटची, आणि या माणसाला ती देता येऊ नये?

जेवण लागलं. मी दोन ताटं भरून त्यांच्यापुढं ठेवली. वहिनींनी हात लावला नाही. अंधारून आलं होतं, बोट परत फिरली होती.

आणि भाऊ जागे झाले.

त्यांनी डोळे चोळले, इकडंतिकडं पाहिलं. पलीकडच्या काठावर एका हॉटेलच्या गच्चीवर भला मोठा गोल लाल दिवा लागला होता. भाऊ सावरून बसले. "अव, हाय ना अजून," ते म्हणाले. "मले वाटलं बुडाला."

रामटेकेनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

वहिनींनी दिव्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "हाय ना," त्या म्हणाल्या. "पाहा आता. डोळे नका मिटू."

भाऊ पाहायला लागले. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून ते किती तापलंय हे सांगणारा माणूस; चौतीस वर्षांत त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. वहिनींचा हात हातात घेऊन ते पापणी न लववता त्या दिव्याकडं बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माईकवालीनं माईक खाली ठेवला.

"शकुंतला," भाऊ म्हणाले, "हा बुडत कावून नाई?"

"ओव्हरटाईम करून राहिला," वहिनी म्हणाल्या. "घरी कोणी ताट वाढून बसलं, हे ध्यानात राह्यते का त्याच्या?"

भाऊंनी वहिनींचं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं, स्वतःचं मांडीवर ओढलं.

"चाल, जेऊन घेऊ," ते म्हणाले. "त्याले वेळ हाय."