चुकीच्या वेगाने केलेला प्रयोग

बिराजदार मास्तर गेल्याची बातमी मला कार्यालयात कुलकर्ण्यांनी दिली. वेळापूरकडच्या विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते आम्ही दोघे ताडून पाहत होतो. ते आकडा वाचत, मी खूण करत असे. मध्येच थांबून ते म्हणाले, “बाई, ते आपले हूलवाले मास्तर गेले की. सकाळी गॅरेज उघडायला निघाले आणि उंबऱ्यातच खाली बसले म्हणे.” मी “अरेरे” म्हणाले आणि पुढचा आकडा विचारला. त्यांनी तो वाचला. मी दोनदा चुकीच्या रकान्यात खूण केली… ‘हूलवाले’ हे नाव मास्तरांना माझ्यामुळे पडले होते. त्या बातमीला आता सहा आठवडे होतील. जे लिहायला हवे ते मी रोज उद्यावर ढकलत आले आहे.

दुष्काळानंतर आमच्या सर्वेक्षण खात्याचा पसारा वाढला आणि क्षेत्रावर जाणाऱ्यांना मोटारसायकली मिळाल्या. गाडी चालवता सगळ्यांनाच येत होती, पण खडीच्या रस्त्यावर, उसाच्या गाड्यांच्या गर्दीत ती सांभाळणे वेगळे. म्हणून ज्यांना आधीच गाडी येते अशांसाठी पुढचे कौशल्य शिकवणारा पंधरा दिवसांचा वर्ग खात्याने भरवला. आम्ही नऊ जण होतो. आठ पुरुष आणि भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होऊन नुकतीच रुजू झालेली मी. विजापूर रस्त्यालगतच्या उघड्या मैदानावर मास्तर सकाळी आमच्या आधी येऊन फक्कीने रेषा आखून ठेवत. पन्नाशीचे, अक्कलकोटकडचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात इस्त्रीची खाकी पँट. लष्करात असताना त्यांनी डोंगरी रस्त्यांवरून मोटारसायकलने टपाल पोहोचवले होते. नंतर सात रस्ता चौकाजवळ स्वतःचे लहान गॅरेज टाकले होते. शिकवणे मात्र त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते आणि त्याचा आनंद त्यांच्या चालण्यातही दिसत असे.

त्यांची शिकवण्याची रीत बोटांनी आणि उपमांनी चाले. कुणी ब्रेक कचकन दाबला की म्हणत, “अवो सायेब, दूध पिळतासा का मान मुरगाळतासा?” वळणावर चाकाकडे पाहणाऱ्याला म्हणत, “जितं बगाल तितं जाल. खड्ड्याकडं बगितलं तर खड्डाच घरी येतोय.” चुकले की “निधान, निधान” म्हणत. कानडीत निधान म्हणजे सावकाश. माझ्याशी ते जरा अदबीने वागत. पहिल्याच दिवशी विचारले होते, “बाई, तुमी सायन्स शिकलाय म्हनं. मग आमचं चुकलं तर सांगायचं बरं का.” मी ते शब्दशः घेतले.

आठव्या दिवशी त्यांनी ‘हूल’ शिकवायला घेतली. “हुतुतूत काय करता? डावीकडं पळायचं आसंल तर आदी उजवीकडं हूल देता न्हवं? गाडीला बी तशीच हूल द्यायची. डावीकडं वळायचंय, तर डावी मूठ पुडं लोटा. चाक जराकसं उजवीकडं बगतंय आन् गाडी डाव्या कुशीवर येतीय.” पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या मनात आकृती तयार झाली. डावी मूठ पुढे म्हणजे चाक उजवीकडे, चाक उजवीकडे म्हणजे गाडी उजवीकडे. मी हात वर केला आणि हे उलट असल्याचे सांगितले. मास्तर हसून म्हणाले, “ऐकायला उलटंच वाटतंय बाई, पन तसंच हाय.” तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण त्या महिन्यात क्षेत्रीय पथकाचे प्रमुखपद कुणाला द्यायचे याचा विचार चालला होता आणि ज्या आठ जणांचे प्रमुख व्हायचे, ते सर्व तिथेच उभे होते. मी म्हणाले, “मग करून पाहू.”

इंजिन बंद ठेवून मी गाडी हाताने चालवत पुढे नेली आणि सर्वांसमोर डावी मूठ लोटली. गाडी अर्थातच उजवीकडे गेली. पुन्हा केले, पुन्हा उजवीकडे. मास्तर पुढे आले. “बाई, आसं न्हाय. याला वेग पायजे. निधान गाडीला हूल कळत न्हाय.” मी उत्तर दिले, “मास्तर, निसर्गाचे नियम वेगाप्रमाणे बदलत नसतात.” कुलकर्णी मागून म्हणाले, “मास्तर, आता तुम्ही बसा की वर्गात.” सगळे हसले. मीही हसले. मास्तरांनी काही क्षण माझ्या हातातल्या गाडीकडे पाहिले, मग म्हणाले, “व्हय, तुमी शिकल्याल्या हाय,” आणि ब्रेकच्या धड्याकडे वळले. हूल त्यांनी पुन्हा काढली नाही. खात्यात मात्र ‘हूलवाले मास्तर’ हे नाव त्यांना त्या दिवसापासून चिकटले.

वर्ग संपल्यावर अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य असे होते: ‘प्रशिक्षकांचे सैद्धान्तिक ज्ञान अपुरे असून, “हूल” हा शास्त्रविसंगत धडा वगळावा.’ पुढच्या वर्गाला मास्तरांना बोलावले गेले नाही. मला प्रमुखपद मिळाले. माझी चिकित्सक दृष्टी वरिष्ठांच्या नजरेत भरली होती.

दोन वर्षांनी अकलूजच्या अलीकडे, उतारावर, शेतातून एक उसाची बैलगाडी अचानक रस्त्यावर आडवी आली. विचाराला वेळ नव्हता. माझ्या डाव्या तळव्याने मूठ पुढे लोटली, गाडी डाव्या कुशीवर आली आणि बैलांच्या शेपटांमागून मी सुटले. कडेला थांबून मी हाताकडे पाहत राहिले. माझा तर्क ज्याला नकार देत होता, ते मास्तरांनी आठव्या दिवशी सांगितल्याप्रमाणे हाताने आपोआप केले होते. त्या रात्रीपासून चार दिवस मी गणित मांडले. वेग पुरेसा असेल तर चाक उजवीकडे वळताच गाडीचा तोल डावीकडे जातो, आणि कललेली गाडी कललेल्या बाजूला वळते. अगदी कमी वेगात हे घडत नाही. मास्तरांनी नेमके हेच, आठ शब्दांत, मला सांगितले होते.

मी त्यांच्या गॅरेजवर गेले. ते एका गाडीखाली आडवे होते. मला पाहून उठले, हात पुसले. “या बाई. गाडी कशी हाय?” वाक्य मी पाठ करून आले होते. पण बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती. ती मला अधिकारी म्हणून ओळखत होती… मी म्हणाले, “ब्रेक जरा सैल वाटतो.” त्यांनी ब्रेक पाहिला, काहीतरी आवळल्यासारखे केले, चहा मागवला. मी चहा प्यायले आणि निघून आले. त्यानंतर ते कधी भेटले नाहीत.

बातमीनंतर चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. नाव सांगताच त्यांच्या पत्नीने मला ओळखले. मी खाली मान घालून सारे सांगितले: मैदान, अहवाल, अकलूजचा रस्ता, गणित. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “त्यास्नी ठावं हुतं की. तुमी गेल्यावर म्हनाले, बाईंचा ब्रेक झ्याक हुता. कायतरी बोलाया आल्या हुत्या, बोलल्या न्हाईत. येतील परत.” मी क्षमा मागितली. त्यांनी पदराने तोंड पुसले. “मला सांगून काय हुनार, अव्वा? त्यातलं मला काय कळतंय? तुमी चारचौघांत बोलला हुता न्हवं? मग चारचौघांतच सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गातल्या आठही जणांना एकत्र बोलावले आणि माझी चूक सांगितली. कुलकर्णी म्हणाले, “जाऊ द्या हो बाई, माणूस गेला आता.” मी म्हणाले, माणूस गेला म्हणूनच आता मला सोपे झाले आहे, आणि हीच लाजेची गोष्ट आहे. जुन्या अहवालाला दुरुस्तीपत्र जोडून मी ते वर पाठवले. मास्तरांकडे ज्या वाचकांनी कधी गाडी दुरुस्तीला दिली असेल, ज्यांच्या कानावर ‘हूलवाले’ हे नाव हसण्यासोबत गेले असेल, त्यांच्यासाठी ते पत्र इथे पुन्हा देते:

‘प्रशिक्षक श्री. बिराजदार यांनी शिकवलेला धडा बरोबर होता. पुरेशा वेगात असलेली मोटारसायकल डावीकडे वळवण्यासाठी डावी मूठ पुढे लोटावी लागते. तो धडा चुकीचा ठरवणारा प्रयोग मी चालण्याच्या वेगाने केला होता. वेग हवा, असे त्यांनी त्याच वेळी मला सांगितले होते. मी ते ऐकले होते.’