क्षितिजाने मोबाइल फेकला नाही

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या क्षितिजाला आठवीत असताना सिनेमात घेतलं, ते तिच्या पिंपल्समुळे. दिग्दर्शक कौस्तुभ सरांनी तसं तोंडावरच सांगितलं. त्यांना म्हणे खरीखुरी मुलगी हवी होती. तिच्या आधी पंधरा नितळ चेहऱ्यांच्या मुली त्यांनी बघितल्या होत्या आणि त्या सगळ्या खोट्या निघाल्या होत्या. क्षितिजाची आई सुचेता इतकी हरखली की घरी पोचायच्या आत तिने नातेवाइकांना फोन लावले. निवडीचं कारण तेवढं गाळलं.

सिनेमा होता मोबाइलपायी वाया चाललेल्या कोवळ्या मुलांवर. कौस्तुभ सर पंचेचाळिशीचे, केसांची शेंडी बांधलेले. दोन तासांच्या कार्यशाळेत त्यांचाच फोन अकरा वेळा वाजायचा. मधल्या वेळात ते मुलांना गोल बसवून सांगायचे, की आजवर कोणालाच न सांगितलेलं असं काहीतरी बोला. मुलं कसली बेरकी. सरांना काय हवंय ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि डोळे पुसत एकेक गोष्ट रचून दिली. एकाने तर धडधाकट आजोबांना मारून टाकलं. सरांनी त्याला पोटाशी धरलं.

क्षितिजाला रचायला जमत नव्हतं, म्हणून तिने घडलेलं सांगितलं. सातवीत वर्गातल्या मुलींनी तिला वगळून एक ग्रुप काढला होता. डबा खातानाचा तिचा फोटो, तोंड उघडं, दाताला मेथी चिकटलेली, त्याचं स्टिकर करून तिथे फिरवत होत्या. वर्गातल्या हिनाने ते तिला दाखवलं. क्षितिजाने हिनाकडून ते स्टिकर मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या वर्गाच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ लिहून स्वतःच टाकलं. मग रोज टाकत राहिली. आठवड्याभरात सगळ्यांना त्याचा वीट आला आणि प्रकरण मिटलं.

सर गहिवरले. ही गोष्ट त्यांनी सिनेमात घेतली. घेतली म्हणजे काय, तर त्यातली अक्कल तेवढी काढून टाकली. त्यांच्या कथेतली मुलगी स्टिकर बघते, आरशासमोर हमसून रडते आणि शेवटी समुद्रात मोबाइल भिरकावून मुक्त होते.

हा शेवट घ्यायला सगळे डोंगरी गावाकडच्या किनाऱ्यावर गेले. फेकायला पाच खोटे मोबाइल आणले होते. तालीम म्हणून एका सहायकाने त्यातला एक फेकून दाखवला. जवळच मासळी वाळत घालणाऱ्या गोदूबाई नावाच्या म्हाताऱ्या कोळणीने हातातलं काम थांबवलं.

“दर्यान कचरा टाकू नको रं,” ती म्हणाली. “आमच्याच जाल्यान येतं मंग.”

सरांनी हिंदीत तिची समजूत घालायला सुरुवात केली. हे खरं फेकणं नव्हे, प्रतीक आहे, वगैरे. गोदूबाईने ऐकून घेतलं आणि जाळ्यात प्रतीक अडकलं तर ते कोण सोडवणार, एवढंच विचारलं. क्षितिजाने हातातला मोबाइल खाली वाळूत ठेवला.

“मी नाही फेकणार, सर,” ती म्हणाली. “आमच्यात कोणीच फेकत नाही. ब्लॉक करतात.”

मुलांचा खरा आवाज ऐकायला वर्षभर आसुसलेल्या सरांना तो आवाज ऐकू आल्यावर राग आला. तू अजून लहान आहेस, तुला तुझ्याच मनातलं कळत नाही, असं म्हणून त्यांनी सहायक मुलीला क्षितिजाचा फ्रॉक चढवला आणि पाठमोरी उभी करून पाचातले उरलेले चारही मोबाइल तिच्याकडून समुद्रात फेकवले.

पुढे एका सभागृहात सिनेमा दाखवला. शेवटाला बायका हुंदके देत होत्या. पुरुष हातातल्या मोबाइलवर त्या शेवटाचंच शूटिंग करत होते. सरांनी स्टेजवरून सांगितलं, की यातला शब्द न् शब्द मुलांचा आहे. टाळ्या पडल्या. क्षितिजाला बोलवायचं ते विसरले, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर पडल्यावर सुचेताने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, “ते स्टिकरचं खरंच झालं होतं?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू शाळेत भांडायला आली असतीस. मग ते वर्षभर चाललं असतं.”

सुचेताला हे नाकारता येईना. “रडलीस का गं तेव्हा?”

“रडले,” क्षितिजा म्हणाली. “सरांना नाही सांगितलं ते.”

रिक्षावाला मागे न बघता विचारत होता, पूनम सागर में कौन सा गेट. सुचेता अजून लेकीकडेच बघत होती, तेव्हा क्षितिजानेच त्याला सांगितलं.