लाल रिबिनी

माझ्या लेकीच्या काळजाला भोक आहे. समोरच्या भाभीच्या लेकीलाही तेच होतं. दोघी एकाच वयाच्या, आष्टीच्या एकाच गल्लीतल्या. भाभीच्या घरी फळांचा गाडा, आमच्याकडे शेळ्या. ऑपरेशन दोन्ही घरांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून मोबाईलवरून लोकांकडे मदत मागणाऱ्या संस्थेची माणसं एकाच दिवशी दोघींचा व्हिडिओ करायला आली.

शहरातून पाहुणे येणार म्हटल्यावर मी अंगण सारवलं, खुर्च्या मागून आणल्या. लेकीला लग्नाकार्यातला फ्रॉक, पावडर, काजळ, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी. पोरगी गबाळी दिसली की लोक आईलाच नावं ठेवतात. भाभी त्या दिवशी तापाने पडून होती. तिची पोरगी उसवलेल्या फ्रॉकात गाड्याखाली बसली होती, तशीच त्यांनी टिपली.

तिचा व्हिडिओ गावोगाव फिरला. माझ्या चुलत भावाने तो पुण्याहून मलाच पाठवला, 'तुमच्या गल्लीतली दिसते, बघून डोळ्यांत पाणी आलं.' आमच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'एवढी नटलीय, हिला कशाला पैसे?'

भाभीची पोरगी ऑपरेशन होऊन आली आणि गल्लीत लंगडी खेळायला लागली. माझी उंबऱ्यावर बसून बघायची. जरा चालली की हिचे ओठ निळे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या पोरीचं हसणं कानावर आलं की मी दार लोटून घ्यायचे. भाभी गोड बोलली तरी टोचायचं, नाही बोलली तर वाटायचं, आता हिला शिंगं फुटली.

परवा संस्थेची माणसं पुन्हा यायची होती, नवा व्हिडिओ करायला. भाभी सकाळीच तो उसवलेला फ्रॉक घेऊन आली.

"पोरीला हाच घाला, ताई. आमच्या पोरीला आता लई तंग होतोय."

ते तंग होणंसुद्धा मला बघवलं नाही. तरी घेतला. माझ्या लेकीच्या खांद्यावरून तो घसरत होता.

वेण्या सोडल्या तशी ती रुसली. "पाव्हणे येनारेत ना? मग रिबिनी कावून काढल्या?"

"राहू दे आज."

कॅमेरा सुरू झाला. पाहुण्यांकडे हसून बघायचं, ही माझीच शिकवण. ती छान हसली. मी हाताने खुणावलं. तिला कळेना. शेवटी म्हणालेच, "हसू नको गं बाई."

तिने तोंड मिटून घेतलं. बाहेर भाभीची पोरगी लंगडी घालत खिदळत होती. तिला कुणी गप्प करत नव्हतं.