साहेबांच्या घरी दिलेली मेखला

लामयायबाईंचा आवाज थायलंडमधल्या अम्फावाच्या कालव्यापलीकडे ऐकू जायचा, आणि त्यांच्या मांजरीचा, मेखलाचा, त्याहूनही लांब. नवरा गेल्यापासून बाई माडाच्या रसाचा गूळ एकट्याच आटवत. कढई चुलाणावर चढली की मेखला शेजारच्या फळीवर बसून बोलायला लागे. जातिवंत सयामी, काळं तोंड, काळे कान, निळे डोळे आणि तान्ह्या पोरासारखा घोगरा सूर. उत्तर दिलं नाही तर पायाला नखं लावायची. शेजारीण विलाय गप्पा मारायला आली की दोघींच्या मध्ये येऊन बसायची. बाई तिच्याशी कडाकडा भांडत आणि रोज म्हणत, हिला कुणीतरी घेऊन जा एकदाची.

मुलाने, आनोनने, ते खरं केलं. एका सकाळी बाई विहारात भिक्षूंना भात वाढून परतल्या, तर घर गप्प. आनोन बँकॉकहून येऊन मांजर टोपलीत घालून घेऊन गेला, वळणापर्यंत तिचं किंचाळणं ऐकू येत होतं, असं विलायने सांगितलं. बाईंनी उभ्याउभ्याच त्याला फोन लावला. कचेरीतल्या साहेबांच्या बायकोला अस्सल कालव्याकाठची सयामी हवी होती, आनोन म्हणाला. "आणि आई, तूच तर म्हणायचीस, घेऊन जा म्हणून."

"तुझ्या बापालाही मी तेच म्हणायचे," बाई म्हणाल्या. "त्यालाही देऊन टाकला असतास का साहेबाला?"

बाईंनी चुलाण विझवलं, रस तसाच नासायला सोडला आणि बँकॉकची गाडी धरली. साहेबांचं घर माहीत नव्हतं, म्हणून थेट मुलाच्या कचेरीत जाऊन बसल्या. आनोन धावत आला, हळू बोल म्हणाला. बाईंनी आवाज मुद्दाम चढवला. शेवटी त्याला आईला घेऊन साहेबांच्या घरी निघावंच लागलं.

साहेबांची बायको हात जोडून पुढे आली. मांजरीने पडदे फाडले, जेवणाला तोंड लावलं नाही, आल्यापासून ओरडणं थांबेना, म्हणून न्हाणीघरात कोंडलंय, असं तिने सांगितलं. कोंडलंय म्हटल्यावर बाईंचे कान तापले. पण पुढचं ऐकून राग सरळ मुलाकडे वळला. "तुमच्याच्याने आता झेपत नाही, तुम्ही खुशीने पाठवलीत, असं आनोन म्हणाला," साहेबांची बायको ओशाळून म्हणाली. "नाहीतर मी घेतलीच नसती."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

न्हाणीघराचं दार उघडलं. मेखला कोपऱ्यात होती. तिने बाईंना ओळखलं, नीट पाहून घेतलं आणि पाठ फिरवली. बाईंना रडू आलं, त्याचाही त्यांना संताप आला. परतीच्या गाडीत मांडीवरच्या टोपलीतून मांजर सबंध वाटभर बडबडत राहिली. लोक वळून बघत होते. "बोल, बोल," बाई म्हणत होत्या, "मलाच बोल. मीच जन्माला घातलाय तो."

घरी आल्यावरही मेखला लगेच निवळली नाही. मासळी खायची, पण फळीवर बसायची नाही. बाई कढई ढवळताना एकट्याच बोलत. मग एका दुपारी ती काही न झाल्यासारखी पायांवरून उडी मारून फळीवर आली आणि चढ्या आवाजात तक्रार करू लागली. बाईंच्या हातातला झारा थांबला नाही, पण त्यांनी नाक पुसलं.

सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, आनोन आला. रिवाजाप्रमाणे मोगऱ्याचं पाणी आईच्या हातांवर घालून त्याने क्षमा मागितली. बाईंनी हात पुढे केले, आशीर्वाद पुटपुटल्या, एवढंच. तो ओसरीवर बसला. ज्याने टोपलीत कोंबून नेलं, त्याच्याच मांडीवर मेखला जाऊन चढली आणि घोगऱ्या सुरात त्याला काहीबाही सांगू लागली. आनोन भीतभीत तिचे कान चोळू लागला.

"लाज नाही तुला," बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, ते आनोनने विचारलं नाही.

बाईंना ते दृश्य बघवेना. आत जाऊन त्यांनी भांडी आदळली, भात वाढला, त्याला आवडते तळलेले बांगडे ताटात ठेवले आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. तो जेवून निघेपर्यंत त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मेखला मात्र धक्क्यापर्यंत त्याच्या मागे बोलत गेली.